वेगनियंत्रण, मोटारगाडीचे

वेगनियंत्रण, मोटारगाडीचे : चालकाने प्रवेगकावर पाय दाबून न धरताही गाडीचा ठरविलेला वेग स्थिर राखण्याची पद्धती. तिचे आद्य प्रवर्तक राल्फ टीटर (१८९०–१९८२) हे अमेरिकन अभियंते बालपणीच अंध झाले होते. सोबत्याच्या गाडी चालविण्यातील वेगाचे हेलकावे त्यांना शेजारच्या आसनावर बसून जाणवत व त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने हे साधन गाड्यांत बसविले.

या साधनास केवळ वेग कळे; पुढील वाहन कळत नसे. १९९५ मध्ये मित्सुबिशीच्या डायमंट गाडीत लेसर किरणांनी पुढील वाहनाचे अंतर मोजून वेग घटविण्याची सोय झाली. ती मात्र ब्रेक लावीत नसे. एंजिनाची शक्ती कमी करणे व खालचा गिअर टाकणे एवढ्यावरच भागवी. १९९९ मध्ये मर्सिडीज-बेंझने रडार वापरून ब्रेकही त्यास जोडले. धुक्याचा रडारला फारसा अडथळा होत नाही. तथापि खांब, फलक इत्यादींवरून परतणारे तरंग गाळण्यासाठी स्थिर वस्तू वगळणे भाग पडल्याने, वाटेत बंद पडलेले वाहनही अशा सुरुवातीच्या प्रणालींच्या हिशेबातून सुटत असे.