काचेतल्या बाळाला हात लावताना

मायामी, 1980 च्या दशकाचा मध्य. विद्यापीठाच्या रुग्णालयात तुम्ही कोपरापर्यंत हात धुता आणि नवजात बाळांच्या कक्षात शिरता. इथली बाळं अतिदक्षता विभागातून बाहेर पडली आहेत. आता काम एकच, वजन वाढवायचं. समोरच्या काचपेटीत एक बाळ पालथं निजलंय. दिवस भरायला दोन महिने असतानाच आलेलं, जन्मताना जेमतेम सव्वा किलोचं. पाठीची कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात. तुमचा हात आपसूक मागे जातो. इथली रीतही तीच आहे: अशा बाळांना नाइलाज असेल तेवढाच हात लावायचा. बिचाऱ्याला आजवर हात लागला तो टाचेत सुई टोचायला, नाहीतर नाकात नळी घालायला.

मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांच्या चमूतली एक बाई तळवे गरम करते आणि पेटीच्या गोल झरोक्यांतून दोन्ही हात आत घालते. डोक्यावरून मानेपर्यंत, मानेवरून खांद्यांपर्यंत, पाठीवरून कमरेपर्यंत, मग पाय, मग हात. एक फेरा पाच सेकंदांचा. जवळ जाऊन बोटांकडे बघा. पिसासारखी फिरत नाहीत ती. कातडी किंचित दबते, पुन्हा वर येते. नुसतं वरवर कुरवाळलं तर गुदगुल्या होतात आणि बाळ अंग चोरतं. पाच मिनिटांनी बाळ उताणं. आता एकेक हात, एकेक पाय हळूच दुमडायचा, सरळ करायचा. शेवटची पाच मिनिटं पुन्हा पालथं. अशी पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा, दहा दिवस.

1986 साली निष्कर्ष छापून आले. 40 बाळं होती, निम्म्यांना मालिश. दूध दोन्हीकडे सारखंच, तरी मालिश झालेल्यांचं वजन दिवसाला 47 टक्के जास्त वाढलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली.

तेवढ्याच दुधावर हे कसं? ड्यूक विद्यापीठात सॉल शानबर्ग यांच्या प्रयोगशाळेत डोकावा. उंदराची पिल्लं आईपासून दूर केली की वाढीला लागणारं एक विकर घटतं. आई चाटते तसं ओल्या ब्रशने अंग घासलं की ते पुन्हा वाढतं. माणसाच्या बाळांबाबत पुढे असं दिसलं, की मध्यम दाबाने व्हेगस हा मज्जातंतू जागा होतो आणि जठराची हालचाल वाढते.

अर्थात 47 हा आकडा डोक्यावर घेऊन नाचू नका. नंतर अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा फायदा सरासरी दिवसाला 5 ग्रॅमच्या आसपास निघाला, आणि चाचण्यांच्या पद्धतीबद्दल शंकाही निघाल्या. पण सव्वा किलोच्या जिवाला 5 ग्रॅमही थोडे नव्हेत.

आता घराजवळ या. मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या अभ्यासात खनिज तेल किंवा पावडरपेक्षा खोबरेल तेलाच्या मालिशने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं. आज्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. पण आज्यांनो, एवढ्यावर हुरळून मालिशवालीला बोलावू नका. पाय धरून उलटं करणं, हातपाय झटकणं, नाक चिमटून सरळ करणं, कानात तेल सोडणं, यातलं काहीही त्या काचपेटीपाशी तुम्ही पाहिलेलं नाही.

बाळ अजून काचेत असेल, श्वासाची तक्रार असेल किंवा कातडी नाजूक असेल, तर डॉक्टरांनी होकार देईपर्यंत तेलाची वाटी बाजूलाच राहू द्या. छातीशी धरून कांगारू पद्धतीने ऊब देता येईल का, ते मात्र आजच विचारा. आणि मालिशची परवानगी मिळाली, की दाब किती द्यायचा हे नर्सला आधी तुमच्या स्वतःच्या मनगटावर करून दाखवायला सांगा.