नकारावर दाद

राज्यकारभाराची माहिती मागण्याचा हक्क नागरिकांस मिळाला असें आपण म्हणतों, तेव्हां आपलें लक्ष बहुधा मागण्यावरच असतें. परंतु या हक्काची खरी कसोटी नकार आल्यावर लागते. ज्याच्या हातीं दप्तर त्याच्याच हातीं अखेरचा निकाल असेल, तर अर्ज करणें म्हणजे केवळ पदर पसरणें होय. म्हणून माहितीच्या अधिकाराचा आपल्या देशांतील इतिहास हा वस्तुतः नकारावर दाद मागण्याचा इतिहास आहे, असें आमचें मत आहे.

इंग्रजी अमदानींत या दादीस फारसा वाव नव्हता. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें राज्यकारभाराचे अप्रसिद्ध कागद खातेप्रमुखाच्या परवानगीवांचून पुराव्यांत आणण्यास बंदी केली. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्यानें या बंदीस शिक्षेची जोड दिली. स्वराज्य आलें तरी दोन्ही कायदे राहिले. १९७१ च्या निवडणुकींत रायबरेलीस इंदिरा गांधींकडून पराभूत झालेले राजनारायण यांनीं आपल्या निवडणूक अर्जाच्या चौकशींत, पंतप्रधानांच्या दौऱ्यांतील बंदोबस्ताच्या नियमांचें पुस्तक उत्तर प्रदेश सरकारकडून मागविलें. सरकारनें तें गोपनीय म्हणून नाकारलें. अलाहाबाद उच्च न्यायालयानें ही हरकत फेटाळतांच सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २४ जानेवारी १९७५ रोजीं पांच न्यायाधीशांनीं सरकारचें अपील मंजूर करून प्रकरण परत पाठविलें. जय सरकारचा झाला खरा. तथापि कागद गुप्त ठेवण्याजोगा आहे कीं नाहीं हें न्यायालय स्वतः तो पाहून ठरवूं शकतें, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. न्या. मॅथ्यू यांनीं तर अधिकाऱ्यांचें प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणण्याचा लोकांस हक्क आहे, असें लिहून ठेविलें.

१९९७ सालीं गोव्यानें व २००२ सालीं महाराष्ट्रानें आपापले कायदे केले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलांत आला. त्याचें १९ वें कलम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. नकारापासून ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलें अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरें. आणि नकार योग्य होता हें सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर!

या कलमाचें बळ पुढें खुद्द सर्वोच्च न्यायालयासही मानावें लागलें. न्यायाधीशांनीं आपली मालमत्ता सरन्यायाधीशांस कळविली आहे काय, असें एका नागरिकानें २००७ सालीं विचारलें. नकार आला. जानेवारी २००९ त माहिती आयोगानें तो रद्द केला; दिल्ली उच्च न्यायालयांत दोनदां तोच कौल मिळाला; आणि १३ नोव्हेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें सरन्यायाधीशांचें कार्यालयही कायद्याच्या कक्षेंत असल्याचें ठरविलें. एका नकारावरील दाद अशी बारा वर्षें चालली.

मात्र त्याच २०१९ सालीं कायदा दुरुस्त होऊन आयुक्तांची मुदत व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. दुसऱ्या अपिलाच्या निकालास कायद्यानें कालमर्यादा मुळांतच घातलेली नाहीं. ज्याच्या नकाराविरुद्ध दाद मागावयाची, त्याच्याच मर्जीवर दाद देणाऱ्याचें आसन अवलंबून राहिलें, तर १९ वें कलम पुस्तकांत राहील आणि नागरिक पुन्हां पदर पसरूं लागेल. नकाराचें पत्र हातीं येतांच अर्ज दप्तरीं ठेवून देणाऱ्या सुशिक्षितांनीं तरी हें ध्यानांत घ्यावें, आणि मिळालेले ३० दिवस व्यर्थ दवडूं नयेत.