निद्रावैद्यकाचे रुग्णवृत्ताधारित अध्ययन

झोपेच्या विकारांचे निदान व उपचार प्रत्यक्ष रुग्णवृत्तांवरून शिकण्याची पद्धती. तक्रार, सोबत झोपणाऱ्याने दिलेली माहिती, झोपेची रोजनिशी व तपासण्या या क्रमाने विद्यार्थी निदानापर्यंत पोहोचतो. उदा., घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाचे दिवसाची पेंग मोजणाऱ्या एपवर्थ मापनावरील गुण २४ पैकी १० हून अधिक असल्यास पेंग प्रमाणाबाहेर मानतात. पॉलिसोम्नोग्राफीत (झोपेतील श्वसनादी क्रियांच्या नोंदणीत) तासाला ३० हून अधिक वेळा श्वास अडला वा मंदावला, तर तीव्र अवरोधी निद्राश्वासरोधाचे निदान होते. त्यावर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सीपॅप (श्वसनमार्गात सतत धन दाबाने हवा सोडण्याचा) उपचार देतात. मात्र पेंगणाऱ्या दुसऱ्या रुग्णाचे गुडघे हसताना एकाएकी लुळे पडत असतील, तर नार्कोलेप्सीचा (अनावर झोपेच्या विकाराचा) विचार करावा लागतो. एकाच तक्रारीमागील भिन्न कारणे ओळखण्याचा सराव हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.