अर्भकाचे अंथरूण आणि दोषाची जागा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अर्भकासाठी अंथरूण निवडणे ही वरवर पाहता केवळ घरगुती बाब आहे. परंतु तिच्यामागे वैद्यकीय विचाराचा दीर्घ इतिहास आहे. बाळाचे अंथरूण मऊ असावे, ही धारणा प्राचीन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमाराचे अंथरूण-पांघरूण मृदू, हलके, स्वच्छ व सुगंधी असावे. मलमूत्राने दूषित झालेले वर्ज्य करावे आणि दुसरे नसल्यास तेच धुऊन, धुरी देऊन, वाळवून वापरावे, असे सांगितले आहे. यातील स्वच्छतेचा आग्रह आजही ग्राह्य आहे. मृदुतेचा फेरविचार मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस करावा लागला. हा फेरविचार मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील अर्भकमृत्यूंच्या अभ्यासातून पुढे आला. झोपेत दगावलेल्या अर्भकाच्या मृत्यूचा दोष तेथे प्रथम आईवर, नंतर अर्भकाच्या शरीरावर आणि सर्वांत शेवटी अंथरुणावर ठेवण्यात आला, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

आईवरील दोषारोप

झोपेत आईचे अंग पडून मूल गुदमरते, ही समजूत युरोपात शतकानुशतके रूढ होती. स्कॉटलंडमधील डंडी येथील पोलीस शल्यचिकित्सक टेम्पलमन यांनी १८९२ मध्ये अशा २५८ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू शनिवारच्या रात्री झाले होते. अज्ञान, निष्काळजीपणा, मद्यपान व दाटीवाटीची घरे ही कारणे त्यांनी दिली. ब्रिटनमधील १९०८ च्या बालक कायद्याने मद्यधुंद अवस्थेत मुलाला शेजारी घेऊन झोपल्याने त्याचा गुदमरून मृत्यू होणे शिक्षापात्र ठरविले. मद्यपी पालकाशेजारी झोपविण्याचा धोका खरा होता, तो आजही आहे. तथापि या चर्चेचा रोख प्रामुख्याने गरीब मातेच्या चारित्र्यावर राहिला. अंथरुणाची तपासणी दुय्यम ठरली.

अर्भकाच्या शरीराकडे वळलेले लक्ष

न्यूयॉर्कमधील ॲब्रमसन यांनी १९४४ मध्ये १३९ अर्भकांच्या मृत्यूंची पाहणी मांडली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश अर्भके पालथी आढळली होती. परंतु पुढच्याच वर्षी वूली यांनी अर्भकांवर पांघरूण घालून केलेल्या प्रयोगांमुळे गुदमरण्याची कल्पना मागे पडली. मातापित्यांवरील कलंक दूर झाला, हा त्याचा इष्ट परिणाम होय. अंथरुणाविषयीची शंकाही त्याबरोबर मावळली, हा अनिष्ट परिणाम होय. १९६९ मध्ये सिॲटल येथील परिषदेत 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम' अर्थात 'सिड्स' ही संज्ञा निश्चित झाली आणि संशोधनाचा भर हृदय, श्वसन व मेंदू यांतील दोषांवर राहिला.

याच काळात डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या लोकप्रिय बालसंगोपनविषयक ग्रंथाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अर्भकाला पालथे झोपविण्याचा सल्ला दिला. उताणे मूल ओकल्यास गुदमरेल, ही त्यामागील भीती होती. तर्क पटण्याजोगा होता. पण तो आकडेवारीवर तपासून पाहिलेला नव्हता. रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जुन्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. उपलब्ध पुराव्यावरून पालथ्या निजेचा धोका १९७० पर्यंतच ओळखता आला असता आणि ब्रिटनमधील १०,००० हून अधिक, तर युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० अर्भकांचे मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अंथरुणाची तपासणी

डेव्हिस यांनी १९८५ मध्ये हाँगकाँगमध्ये असे मृत्यू अत्यल्प असल्याचे दाखवून दिले. तेथे बाळाला उताणे निजविण्याची रूढी होती. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून व ब्रिटनमध्ये १९९१ पासून पालथे न झोपविण्याचा प्रचार झाला. अमेरिकेत १९९२ मध्ये शिफारस व १९९४ मध्ये राष्ट्रीय मोहीम झाली. तेथील सिड्सचे प्रमाण १९९२ मध्ये दर हजार जन्मांमागे १.२ होते, २००१ पर्यंत ते ०.५६ वर आले.

केम्प व थॅक यांनी १९९१ मध्ये पॉलिस्टायरीनच्या मण्यांनी भरलेल्या गाद्यांवर दगावलेल्या २५ अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा गादीत तोंडाखाली खळगा पडतो, सोडलेला श्वास त्यातच साठतो आणि अर्भक तीच हवा पुन्हा घेत राहते, असे त्यातून दिसून आले. म्हणजेच ज्या मऊपणात माया पाहिली जात होती, त्यातच धोका होता. अमेरिकेने १९९२ मध्ये अशा गाद्यांवर आणि २०२२ च्या कायद्याने पाळण्याच्या कठड्याला बांधावयाच्या गुबगुबीत बंपरवर बंदी घातली.

निष्कर्ष

घट्ट व सपाट गादी, तिच्यावर ताणून बसविलेली एकच चादर, उताणी निज आणि पाळण्यात उशी, लोड, दुलई वा खेळणे नसणे, एवढाच आजच्या शिफारशीचा सारांश आहे. गादी व कठडा यांत फट असू नये, हेही त्यात अभिप्रेत आहे. आपल्याकडील बाजारात मात्र बाळासाठी गादीबरोबर उशी व लोड यांचा संच सर्रास विकला जातो आणि बारशाला प्रेमाने भेटही दिला जातो. मायेचा हेतू निर्विवाद असला, तरी सुरक्षिततेचा पुरावा हेतूतून मिळत नाही. सल्ला देणारी व्यक्ती कितीही अधिकारी असली, तरी तो सल्ला मोजून पाहिला आहे काय, हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे. तो वेळेवर विचारला न गेल्याची किंमत पाळण्यातील अर्भकांनी मोजली.