रक्ताची साक्ष

युद्धाच्या इतिहासांत सेनापतींचीं नांवें राहतात, लढायांच्या तिथी राहतात. सैनिकाच्या दंडांत शिरलेल्या सुईची कथा मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. अशाच एका सुईची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली. उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या फौजेला पीतज्वराचें भय होतें, आणि त्यावर मॅक्स थायलर यांची १९३७ सालची लस हाताशीं होती. लस टिकावी म्हणून तींत निरोगी दिसणाऱ्या माणसांचा रक्तद्रव मिसळीत. पीतज्वराची लस टोचल्यानंतर कावीळ झालेले रोगी फिंडले व मॅक्कॅलम यांनीं इंग्लंडांत १९३७ सालींच नोंदविले होते. ब्राझीललाही तोच अनुभव आला होता. परंतु युद्धाच्या घाईंत ही सूचना मागें पडली. १९४२ च्या मार्चपासून छावण्याछावण्यांतून कावीळ दिसूं लागली आणि सुमारें ५०,००० सैनिकांना तिनें गांठलें. एप्रिलमध्यें रक्तद्रव वगळून केलेली लस सुरू झाली.

येथें लसीलाच दोष देणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. अपराधी होता रक्तद्रवांत लपलेला दुसराच विषाणू; पण त्याला ओळखण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. तें हातीं आल्यावर, १९८५ सालीं, ५९७ माजी सैनिकांचें रक्त तपासण्यांत आलें. विशीतले ते जवान आतां साठी ओलांडून गेले होते. दूषित लस घेऊन कावीळ झालेल्यांपैकीं शेंकडा ९७ जणांच्या रक्तांत यकृतदाहाच्या ‘बी’ विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड सांपडले. तीच लस घेऊनही आजारी न पडलेल्यांत शेंकडा ७६, आणि रक्तद्रवरहित लस घेतलेल्यांत अवघे १३. म्हणजे जे धडधाकट भासले, त्यांनाही संसर्ग झालाच होता. एकूण संख्या सुमारें ३,३०,००० असावी, असा अंदाज निघाला. समाधानाची गोष्ट ही कीं, बहुतेकांच्या शरीरांनीं विषाणू घालवून दिला होता. उरली होती ती त्याची आठवण.

नागरिक लस घेतांना विचारपूस करूं शकतो. सैनिक हुकुमानें बाही वर करतो. म्हणूनच त्याला काय टोचलें आणि पुढें त्याचें काय झालें, याचा चोख हिशेब ठेवणें हें हुकूम देणाऱ्याचें कर्तव्य ठरतें. या सैनिकांना उत्तर मिळालें, पण त्रेचाळीस वर्षांनीं. तोंवर कित्येकांनीं इहलोक सोडला होता. उत्तर ऐकण्यास ते उरले नव्हते.