टॅपेस्ट्री : दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्या बाईचा स्वतःचा आवाज

आमचे मामू जहाजावर होते. कोकणातल्या मुसलमान घरात असा एखादा मामू किंवा चाचा असतोच. दर दीड-दोन वर्षांनी ते दापोलीजवळच्या आमच्या गावी यायचे, तेव्हा त्यांच्या बॅगेतून साबण, सेंटच्या बाटल्या आणि कॅसेट निघायच्या. कॅसेट बहुतेक हिंदी सिनेमाच्या आणि कव्वालीच्या असत. एकदा त्यात एक इंग्रजी कॅसेट आली. जहाजावरच्या एका साथीदाराने उतरताना देऊन टाकलेली. वेष्टनावर खिडकीपाशी बसलेली, कुरळ्या मोकळ्या केसांची, जीन्स घातलेली एक अनवाणी बाई आणि तिच्यासमोर मांजर. अम्मीला मांजर आवडली. गाणी कुणालाच कळली नाहीत.

ती कॅसेट म्हणजे कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम. आमच्या घरात ती का टिकली, ते पुढे सांगतो. आधी त्या बाईची हकीकत.

कॅरोल क्लाइन 1942 साली न्यूयॉर्कमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्मली, ब्रुकलिनमध्ये वाढली. वडील अग्निशमन दलात होते. पियानो आईने शिकवला. शाळेत असतानाच तिने आडनाव बदलून ‘किंग’ केलं. कॉलेजात तिला जेरी गॉफिन भेटला. तो शब्द लिहायचा, ती चाली बांधायची. 1959 मध्ये सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी पहिली मुलगी. गॉफिन दिवसा रसायनांच्या प्रयोगशाळेत नोकरी करी आणि रात्री दोघं मिळून गाणी लिहीत.

त्या काळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर गाण्यांचे अक्षरशः कारखाने होते. छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक पियानो, आणि पलीकडच्या खोलीत दुसरी जोडी दुसरं गाणं ठोकते आहे. हे दोघं 1650 ब्रॉडवे या इमारतीतल्या ऑल्डन म्युझिक कंपनीसाठी लिहीत. 1961 च्या जानेवारीत त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमारो’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायलं होतं शिरेल्स या चार कृष्णवर्णीय मुलींच्या गटाने. कृष्णवर्णीय मुलींचा गट त्या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे ब्रुकलिनच्या एका ज्यू मुलीची चाल आणि न्यू जर्सीच्या काळ्या मुलींचा आवाज. वंशभेदाच्या त्या अमेरिकेत ही गोष्ट लहान नव्हती. पुढच्या वर्षी ‘द लोको-मोशन’ गाजलं, ते तर त्यांची मुलगी सांभाळणाऱ्या मुलीने गायलेलं. 1967 मध्ये अरिथा फ्रँकलिनने ‘नॅचरल वुमन’ गायलं, तीही याच जोडीची रचना.

पण तिचं नाव रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर, कंसात, बारीक अक्षरात. आपल्याकडे गीतकाराचं नाव रेडिओवर यावं म्हणून साहिर लुधियानवी झगडले होते, ते इथे आठवतं. लोक गाणं गुणगुणत, गाणाऱ्याला ओळखत, आणि लिहिणारी घरी मुलीला भरवत असे.

संसार मात्र मोडत चालला होता. गॉफिनची बाहेरची प्रकरणं होती, पुढे मानसिक आजारही बळावला. 1968 मध्ये दोघं वेगळे झाले. दोन लहान मुलींना घेऊन कॅरोल देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन या डोंगराळ वस्तीत राहायला गेली. वय सव्वीस. तिथे दोन मित्रांबरोबर ‘द सिटी’ नावाचा गट काढला, एक रेकॉर्ड निघाली आणि विरून गेली, कारण ही बाई लोकांसमोर गायला तयार नव्हती. स्टेजची भीती. 1970 मध्ये एकटीच्या नावावर ‘रायटर’ हा अल्बम आला, तोही फारसा कुणी घेतला नाही. याच सुमारास गायक जेम्स टेलरच्या साथीला ती पियानो वाजवत होती. एका कार्यक्रमात त्याने तिला पुढे केलं आणि तिचंच एक जुनं गाणं तिला गायला लावलं. कार्यक्रम होता ती जिथे शिकली त्याच क्वीन्स कॉलेजात. भीती थोडी मोडली.

1971 च्या जानेवारीत हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ‘टॅपेस्ट्री’ ध्वनिमुद्रित झाला. ही जागा एके काळी चार्ली चॅप्लिनचा स्टुडिओ होती. त्याच दिवसांत त्याच आवारात जोनी मिचेल तिचा ‘ब्लू’ हा अल्बम करत होती. ती आणि जेम्स टेलर या अल्बममध्ये मागे सूर धरायलाही आले. निर्माता होता लू अॅडलर. त्याला कॅरोलचे जुने नमुने ठाऊक होते. गाणं एखाद्या गायकाला विकण्याआधी गीतकार साधा पियानो वाजवत ते कच्चं गाऊन देतो, तसे. कॅरोलच्या या कच्च्या टेप धंद्यातले लोक जपून ठेवत, घरी ऐकत. अॅडलरने ठरवलं, अल्बम तसाच वाटला पाहिजे. बाई पियानोपाशी बसली आहे आणि तुमच्या एकट्यासाठी गाते आहे, असं.

बारा गाणी. सात पूर्णपणे तिची, शब्द आणि चाल दोन्ही. तीन गॉफिनबरोबरची, दोन टोनी स्टर्न या कवयित्रीबरोबरची. तिने शिरेल्सचं ते जुनं गाणंही इथे स्वतः गायलं, अगदी संथ लयीत. शिरेल्सच्या तोंडी ते एका कोवळ्या मुलीचा प्रश्न वाटतो: आजचं प्रेम उद्या राहील का? अठ्ठावीस वर्षांच्या, घटस्फोट होऊन गेलेल्या, दोन मुलींच्या आईने तोच प्रश्न विचारला की त्याचं वजन बदलतं. उत्तर तिला माहीत आहे, तरी ती विचारते. गझल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. शेर तोच असतो, पढणारा बदलला की मानी बदलतो.

तिचा आवाज अरिथासारखा नाही. कुठे तो किंचित चिरतो, वरच्या सुरात ओढ लागते. जाणकारांना हा दोष वाटला असता, पण ऐकणाऱ्या लाखो बायकांना तोच आपला वाटला, कारण स्वयंपाकघरात आपण गातो तेव्हा असाच लागतो ना आवाज!

अल्बम फेब्रुवारीत आला. जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि सलग 15 आठवडे तिथेच राहिला. विक्रीच्या यादीत तर सुमारे सहा वर्षं. पुढच्या वर्षी चार ग्रॅमी मिळाले. वर्षातलं सर्वोत्तम गीत लिहिल्याबद्दलचा ग्रॅमी एका बाईला एकटीच्या नावावर मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. समारंभाला ती गेली नाही. तिसरी मुलगी नुकतीच झाली होती, ती घरी तान्ह्या बाळाजवळ होती.

एवढं लोकांनी त्यात काय ऐकलं? मला वाटतं, याचं अर्धं उत्तर संगीतात आहे आणि अर्धं त्या वर्षांत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 1970 पासून घटस्फोटाचा नवा कायदा लागू झाला. त्याआधी नवरा किंवा बायको यांपैकी एकाचा गुन्हा कोर्टात शाबीत करावा लागे. व्यभिचार, क्रूरता, काहीतरी. वकील खोटे साक्षीदार उभे करत. नव्या कायद्याने म्हटलं, गुन्हेगार शोधायची गरज नाही, पटत नाही एवढं पुरे. मग इतर राज्यांनीही तोच रस्ता धरला. लाखो घरं मोडत होती आणि त्या मोडण्याला भाषा नव्हती. गाण्यात दोनच बायका असत. एक रडून परत बोलावणारी आणि दुसरी बेवफाईचे टोमणे मारणारी.

अशा वेळी ‘इट्स टू लेट’ आलं. शब्द टोनी स्टर्नचे, चाल कॅरोलची. त्यात एक बाई शांतपणे सांगते की आपलं संपलं आहे, आपण प्रयत्न केला होता आणि आता ढोंग नको. दोष कुणाचाच नाही. तक्रार नाही, विनवणीही नाही. निर्णय तिचा आहे. हे गाणं पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाड्यांमध्ये, कॅन्टीनमध्ये, दुकानांत ते वाजत होतं. आणि हे त्या देशात, जिथे नवऱ्याच्या सहीशिवाय बाईला कर्ज नाकारण्याला बंदी करणारा कायदा 1974 मध्ये आला. खिशात पैसा नव्हता, पण बोलण्याचा सूर सापडला होता.

आता आमची कॅसेट. 1985 च्या पावसाळ्यात माझी आपा सासरहून परत आली, ती कायमचीच. मारहाण नव्हती, हुंड्याचं काही नव्हतं. जमलं नाही. पण ‘जमलं नाही’ हे उत्तर कुणालाच पुरेना. येणारी प्रत्येक खाला, फूफी दोषी शोधायची: त्याचा कुसूर की हिचा? बाहेर शाहबानोचा निकाल आलेला. पेपरात, मशिदीबाहेर, एसटीत, सगळीकडे मुस्लिम बाईच्या तलाकवर बोललं जात होतं. पुढच्या वर्षी कायदाही आला. पोटगी, शरियत, कोर्ट, मतं, सगळ्यावर वाद घालणारे आमच्या ओट्यावरही बसायचे. आत माझी बहीण चहा करायची. तिला कसं वाटतं हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, मोठ्यांच्या वादात मान डोलवणारा.

ती दुपारी ही कॅसेट लावायची. सिनेमाची गाणी लावली की अम्मी रागवायची, लोक काय म्हणतील म्हणून. इंग्रजीला कुणी हरकत घेत नसे. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. तिला इंग्रजी सातवीपुरतं येत होतं.

मी पुढे पुण्यात शिकायला गेल्यावर शब्द कळले. सुट्टीत घरी येऊन तिला सांगितले. त्या तिसऱ्या गाण्यात काय आहे, ते सांगताना मला लाज वाटत होती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे ती कुणाला बद्दुआ देत नाही?” मी म्हटलं, नाही. “मला वाटलंच होतं. आवाजावरून.”

कॅरोल किंगचं सगळं आयुष्य या अल्बमसारखं समजूतदार गेलं, असं मात्र नाही. 2012 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. त्यात तिने लिहिलं की तिचा तिसरा नवरा तिला मारत असे. म्हणजे ज्या बाईच्या गाण्याने इतरांना घर सोडायचं बळ दिलं, तीच त्या अल्बमनंतर काही वर्षांनी मार खाऊन गप्प राहत होती. काही चाहत्यांना हे वाचून धक्का बसला. मला नाही बसला. गाणं लिहिणं आणि जगणं यांत किती अंतर असतं, ते शायर लोकांच्या घरच्या बायकांना विचारावं.

अल्बममधलं ‘व्हेअर यू लीड’ हे गाणं तर तिने पुढे गाणंच बंद केलं. त्यात बाई पुरुषाला सांगते की तू नेशील तिकडे मी येईन. बदललेल्या काळात हे आपल्या तोंडी शोभत नाही असं तिला वाटू लागलं. मग 2000 साली एका टीव्ही मालिकेसाठी शब्द थोडे बदलून तिने ते पुन्हा गायलं, आपली मोठी मुलगी लुईझ हिच्याबरोबर. मालिका एकट्या आईची आणि तिच्या मुलीची होती. आता त्या ओळी आई आणि मुलगी एकमेकींना म्हणतात.

आपाला मी ते नवं गाणं गेल्या रमजानआधी मोबाइलवर ऐकवलं. तिला जुनंच बरं वाटलं.