आकाशवाणी फुकट ऐकू येते, मग पैसे कोण भरतं?

बीडमध्ये मोबाईलला वायरवाला इअरफोन लावा (तीच वायर अँटेनाचं काम करते) आणि एफएमवर १०२.९ लावा. आकाशवाणी बीड सुरू. डेटा नको, रिचार्ज नको. मग खर्च कोण करतं? आजोबांच्या ट्रंकेत रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं, तेव्हा मला हा प्रश्न पडला.

सुरुवात: २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खाजगी होती आणि मुख्यतः लायसन्स फीवर चालायची. रेडिओ असलेली घरं मोजकी, त्यामुळे १९३० मध्ये ती बुडाली. केंद्रं सरकारने घेतली. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

लायसन्स: घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात फी भरावी लागायची. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या. १९८० च्या दशकात लायसन्स बंद झालं.

आज: १९९७ पासून आकाशवाणी प्रसार भारतीकडे आहे. जाहिरातींतून काही पैसे येतात, पण पगाराचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर आहे. म्हणजे आजोबा पोस्टात भरायचे, आपण करातून भरतो. कायद्याने प्रसार भारती स्वायत्त आहे, पण तिजोरीची किल्ली सरकारकडे आहे. बातम्या ऐकताना हे लक्षात असू द्या.